दोरीच्या आत, दोरीच्या बाहेर

मागच्या ऑक्टोबरात मामाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डॅशबोर्ड उघडून बसलो होतो. मामाचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. चार एकर कोरडवाहू, त्यातलं बहुतेक सोयाबीन. एरवी मामा ‘दिवाळीला कधी येतोस’ एवढंच विचारतो. त्या दिवशी थेट मुद्द्यावर आला.

“तू ते आकड्यांचं काम करतूस न्हवं? मग सांग. आमच्या मंडळात धा ठिकाणी सोयाबीन कापून बघायलेत. धा! मंडळात शेतं किती हाईत ठाऊक हाय का तुला? त्या धा ठिकाणांवरून समद्यांचा इमा ठरणार. हे कसं काय बसतं?”

मी हुशारी दाखवली. “शितावरून भाताची परीक्षा, मामा.”

“आरं, भात एका पातेल्यात शिजतो. माझं रान माळावरचं, वढ्याकडचं काळं. एका पातेल्यातलं हाय का ते?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे सूत्र होतं. इंजिनिअरिंगला एम-थ्रीच्या पेपरात कॉन्फिडन्स इंटरव्हलचं गणित हमखास यायचं. सरासरी घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले एसडी भागिले एनचं वर्गमूळ एवढी जागा सोडा, उत्तराखाली दोन रेघा मारा. पाठ केलं, मार्क घेतले. पुढे नोकरीत तेच सूत्र कोडच्या एका ओळीत आलं. पण माळरान आणि काळी जमीन एका सरासरीत कशी बसते, आणि बसली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी या प्रश्नामागे मागे-मागे जात राहिलो. दोन-तीन महिने रात्री हेच वाचत होतो. गंमत म्हणजे लंडन, डब्लिन, कोलकाता असं फिरून ज्या माणसापाशी पोचलो, तो सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला निघाला. बुध गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

*

आधी सुखात्म्यांच्या आधीचं. पीक किती आलं हे सरकारला कसं कळायचं? नजरेनं. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. तलाठी-कुलकर्णी शिवारात फेरी मारायचे आणि सांगायचे, यंदा दहा आणे, यंदा सहा आणे. ही आणेवारी. नाणी बदलली, आण्याचे पैसे झाले, आता आपण पैसेवारी म्हणतो. पन्नास पैशांच्या खाली गेली की गावात दुष्काळाची चर्चा सुरू होते. सरकारी उत्पादनाचा आकडाही यातूनच निघायचा. पेरलेलं क्षेत्र, त्याला गुणिले ‘सामान्य’ उतारा, त्याला गुणिले आणेवारी. तीन आकड्यांपैकी दोन अंदाजपंचे.

या अंदाजावर किती काय अवलंबून होतं ते १९१८ मध्ये दिसलं. गुजरातचा खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. महसुलाच्या नियमाप्रमाणे पीक चार आणे किंवा कमी असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करून मागता यायचा. शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या खाली आहे. सरकारी आकडे म्हणत होते वर आहे. त्यातून खेडा सत्याग्रह उभा राहिला. शाळेच्या पुस्तकात आपण गांधीजी आणि वल्लभभाई पटेल वाचतो, पण भांडणाच्या मुळाशी एक मोजमाप होतं हे माझ्या तरी डोक्यात कधी शिरलं नव्हतं. समजा कुणी खरंच मोजून सांगितलं असतं की पीक तीन ते सहा आण्यांच्या मध्ये कुठेतरी आहे, याहून नेमकं सांगता येत नाही, तर भांडण कुठे गेलं असतं? ‘चार आण्यांच्या वर की खाली’ या प्रश्नाला त्या मोजमापापाशी उत्तरच नसतं. पण तेव्हा असं बोलायची भाषा कुणाकडेच नव्हती. दोन्ही बाजू एकेक आकडा छातीठोकपणे सांगत होत्या.

नजरेऐवजी कापून बघायचा मोठा प्रयत्न १९२३ ते १९२५ च्या सुमारास बिहार-ओरिसात झाला. जॉन हबॅक नावाच्या आयसीएस अधिकाऱ्यानं भाताच्या शेतात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, म्हणजे रँडम, ठिकाणं निवडली आणि एका त्रिकोणी चौकटीतलं पीक कापून वजन केलं. त्रिकोण केवढा? एकराचा ३२०० वा भाग. हा आकडा वाचून मी थबकलो, कारण मण म्हणजे ४० शेर आणि शेर म्हणजे ८० तोळे, म्हणून मणात ३२०० तोळे. त्रिकोणातलं धान्य जितके तोळे भरेल तितके मण एकरी उतारा. गुणाकार-भागाकार काही नाही, तराजूवरच उत्तर. शंभर वर्षांपूर्वीचा हा हॅक मला फार आवडला. पण त्रिकोणाचं क्षेत्रफळ जेमतेम साडेतेरा चौरस फूट होतं, हे लक्षात असू द्या. पुढे त्याच्यावरून बरंच रामायण होणार आहे.

*

सुखात्मे १९११ मध्ये जन्मले. पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकले आणि १९३३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पोचले. वेळ अशी की संख्याशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम तिथे त्याच वर्षांत घडत होता. कार्ल पिअर्सन नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या विभागाचे दोन तुकडे पडले होते. एक रोनाल्ड फिशरकडे, दुसरा कार्ल यांचा मुलगा इगॉन पिअर्सनकडे. इमारत एकच, पण दोन्ही गटांचं एवढं वाकडं की चहाच्या वेळाही वेगळ्या. १९३४ मध्ये इगॉनच्या गटात वॉर्साहून जर्झी नेमन आले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये नेमन यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. विषय होता सॅम्पल निवडायचं कसं. तेव्हा दोन मतं होती. एक म्हणजे जाणकारानं विचार करून ‘प्रातिनिधिक’ नमुने निवडावेत, दुसरं म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात. पहिल्या मताला नेमन यांनी इटलीचं उदाहरण लावलं. तिथल्या जनगणनेचे कागद ठेवायला जागा नव्हती, म्हणून जिनी आणि गाल्वानी या दोघांनी २१४ जिल्ह्यांपैकी २९ निवडून तेवढेच ठेवायचं ठरवलं. निवड अगदी काळजीपूर्वक, सात बाबतींत या २९ ची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळेल अशी. त्या सात बाबतींत जुळलीही. इतर गोष्टी तपासल्या तर गडबड. हातानं निवडलेलं सॅम्पल केवढंही मोठं असो, ते किती चुकेल हे सांगायला सूत्र नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर आहे. मामाच्या पातेल्याचं उत्तर मला इथे मिळालं. शेतं ढवळता येत नाहीत. पण चिठ्ठ्या ढवळता येतात.

निबंधाच्या परिशिष्टात नेमन यांनी एक नवा शब्द आणला: कॉन्फिडन्स इंटरव्हल. आभाराचं भाषण करायला आर्थर बाउली होते. हे इंग्लंडमध्ये सॅम्पल सर्व्हे रुजवणारे बुजुर्ग, आणि नुकतेच हिंदुस्थानात येऊन इथल्या आर्थिक गणनेची योजना लिहून गेलेले. त्यांना शंका आली की हा ‘कॉन्फिडन्स’ म्हणजे ‘कॉन्फिडन्स ट्रिक’ तर नाही ना. ट्रिक म्हणजे विश्वास कमावून गंडवणं. बाउलींचा मुद्दा साधा होता. मला खरा आकडा कुठे आहे ते हवंय. तुमची पद्धत मला ते सांगते का?

नेमन यांचं प्रामाणिक उत्तर असं की नाही, तेवढं सांगत नाही. इथे आपण सगळेच घसरतो, मीही कित्येक वर्षं घसरत होतो. आपल्याला वाटतं ९५ टक्के इंटरव्हल म्हणजे खरा आकडा या पट्ट्यात असायची शक्यता ९५ टक्के. नेमन म्हणतात, खरा आकडा ठरलेला आहे, तो हलत नाही. हलतो तो तुमचा पट्टा, कारण चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या तर पट्टा वेगळा आला असता. हजार मंडळांत हीच पद्धत वापरली तर साधारण ९५० ठिकाणी पट्टा खऱ्या आकड्याला पकडेल आणि ५० ठिकाणी हुकेल. मामाचं मंडळ त्या ९५० मधलं की ५० मधलं? ते कळायचा मार्ग नाही. विश्वास पद्धतीवर आहे, या एका पट्ट्यावर नाही. बाउलींना ते पचलं नाही याचं मला नवल वाटत नाही. मामालाही पचलेलं नाही.

*

आता थोडं गणित, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होईल एवढंच. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत. समजा एका महसूल मंडळात १० पीक कापणी प्रयोग झाले. सोयाबीनचा सरासरी उतारा हेक्टरी १२ क्विंटल आला आणि शेताशेतातला फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ३ क्विंटल. तीन भागिले दहाचं वर्गमूळ, ०.९५. त्याला १.९६ नं गुणायचं की झालं, असं मी पेपरात लिहिलं असतं.

पण १.९६ हा आकडा मोठ्या सॅम्पलचा. दहासारख्या लहान सॅम्पलमध्ये एसडी हीसुद्धा अंदाजच असते, आणि त्या अंदाजाच्या चुकीचीही भरपाई करावी लागते. हे ज्याच्या लक्षात आलं तो डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला माणूस, विल्यम गॉसेट. त्याच्याकडे बार्लीचे प्रयोग असायचे मोजके, आणि कार्ल पिअर्सनची सगळी सूत्रं होती शेकड्यांनी मोजमापं असणाऱ्यांसाठी. १९०८ मध्ये त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं निबंध छापला. आपण टी-टेबल म्हणतो ते त्याचं पोर. दहा प्रयोगांसाठी टेबल सांगतं, १.९६ नाही, २.२६ घ्या.

म्हणजे पट्टा झाला १२ अधिक-उणे २.१. साधारण ९.९ ते १४.१.

प्रयोग फक्त ४ असते तर? गुणक ३.१८ होतो आणि पट्टा ७.२ ते १६.८. यात दुष्काळही बसतो आणि सुगीही. प्रयोग ४० केले तर पट्टा ११ ते १३ च्या आसपास येतो. बघा, प्रयोग चौपट केले तेव्हा कुठे पट्टा निम्म्याच्या जवळ आला. वर्गमूळ फार चिक्कू असतं. आणि मामाच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मंडळात ५ हजार शेतं असोत की ५० हजार, तो आकडा सूत्रात जवळजवळ येतच नाही. दहा कमी आहेत ते शेतं हजारो आहेत म्हणून नाही, तर शेताशेतात फरक एवढा आहे म्हणून. सगळी रानं सारखी असती तर दोन प्रयोगही पुरले असते.

सुखात्म्यांनी लंडनमध्ये याच जागेवर बोट ठेवलं. नेमन यांनी सांगितलं होतं की जिथे फरक जास्त तिथे सॅम्पल जास्त घ्या. ओलिताची शेतं एकसारखी येत असतील तर तिथे थोडे प्रयोग, कोरडवाहूत जास्त. ठीक. पण फरक किती आहे हे मोजायच्या आधी कसं कळणार? १९३५ मध्ये चोवीस वर्षांच्या सुखात्म्यांनी यावर निबंध लिहिला. आधी एक लहान चाचणी घ्या, तिच्यावरून फरकाचा अंदाज घ्या आणि मग मोठं सॅम्पल वाटा. चाचणी लहान असली तरी फायदा होतो का, हे त्यांनी गणितानं तपासलं. सॅम्पल केवढं घ्यायचं हे ठरवण्यासाठी आधी सॅम्पल घ्या, असं त्याचं सार. आम्ही याला पायलट म्हणतो आणि आपणच शोधून काढल्यासारखं मीटिंगमध्ये मांडतो.

*

मूळ गोष्टीला वळण इथे आहे, पण त्याआधी माझी एक फजिती सांगतो.

पहिल्या नोकरीत आम्ही एका अ‍ॅपच्या पेमेंट पानाचे दोन नमुने लोकांना दाखवत होतो. कोणता जास्त चालतो ते बघायला. सॅम्पल लाखोंचं. इंटरव्हल इतका अरुंद की ग्राफवर रेघच दिसावी. मी अभिमानानं स्लाइड बनवली, नवा नमुना जिंकला म्हणून जाहीर केलं. तीन आठवड्यांनी कळलं की काही जुन्या फोनवर नव्या पानाचं बटण एकदा दाबलं तरी आमच्याकडे दोनदा नोंद होत होती. नवा नमुना जिंकलेला नव्हताच. आम्ही आणखी दहा लाख लोक घेतले असते तर त्याच चुकीच्या आकड्याभोवती पट्टा आणखी अरुंद झाला असता, इतकंच.

सुखात्मे परत आले आणि १९४० मध्ये दिल्लीत शेती संशोधन परिषदेत रुजू झाले, तिला तेव्हा इम्पीरियल कौन्सिल म्हणायचे. तीनच वर्षांत बंगालचा दुष्काळ पडला. भात नक्की किती पिकला, तुटवडा किती, याचे भरवशाचे आकडे नव्हते, आणि माणसं मरत होती. आणेवारीवर देश चालणार नाही हे आता कुणाला पटवायची गरज उरली नाही.

मोजायच्या दोन पद्धती समोर होत्या. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबीस होते, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक. त्यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाचे सर्व्हे सुरू केले होते. त्यांचा बाज असा की कापायचा तुकडा लहान, दोन फूट, चार फूट त्रिज्येची वर्तुळं, पण तुकडे पुष्कळ, आणि कापणारी माणसं संस्थेची, खास तयार केलेली. दिल्लीत सुखात्मे आणि इंदूरहून आलेले विनायक गोविंद पानसे यांचा बाज उलटा. पानशांनी वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कापसावर प्रयोग केले होते. तुकडा मोठा, ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे बरोब्बर एकराचा ऐंशीवा भाग, आणि कापायला महसूल आणि शेती खात्याचीच माणसं. कारण तीच प्रत्येक तालुक्यात होती.

वरच्या सूत्रानं बघाल तर महालनोबीस जिंकतात. लहान तुकडा पटकन कापून होतो, म्हणून त्याच पैशात जास्त ठिकाणं. जास्त ठिकाणं म्हणजे एन मोठा. एन मोठा म्हणजे पट्टा अरुंद.

सुखात्म्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. पट्टा अरुंद, पण कुठल्या आकड्याभोवती? १९४४-४५ च्या हंगामात त्यांनी मुरादाबाद भागात गव्हाच्या शेतात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून ताडून बघितले. तुकडा जितका लहान तितका एकरी उतारा जास्त. दोन फुटी वर्तुळात तर सर्वात फुगलेला. गहू तोच, शेतं तीच. १९४६ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

गहू का फुगतो? कडेमुळे. दोरी टाकली की काही ताटं बरोब्बर दोरीवर येतात. कापणारा काय करतो? ‘हे पण घ्या आत.’ वाईट हेतू नसतो. हातात आलेलं चांगलं कणीस टाकवत नाही, एवढंच. समजा प्रत्येकानं सगळीकडून फक्त तीन इंच जास्तीचं कापलं. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ सव्वादोन फुटांचं होतं, आणि क्षेत्रफळ वाढतं साडेसव्वीस टक्क्यांनी. तेच तीन इंच ३३ बाय साडेसोळाच्या तुकड्याला लावा. वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास. हा हिशोब माझा आहे, पण मी तो केला तेव्हा रात्री एक वाजता एकटाच हसलो. सारखाच हात, सारखाच मोह, आणि आकारामुळे चूक सहापट.

महत्त्वाचं म्हणजे ही चूक सगळीकडे एकाच बाजूला होते. हजार वर्तुळांच्या सरासरीत ती विरघळत नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हलला ती दिसतही नाही, कारण इंटरव्हल फक्त चिठ्ठ्यांमुळे आलेली हालचाल मोजतो. माझ्या दोनदा नोंदणाऱ्या बटणाचीच ही गोष्ट.

महालनोबीस गप्प बसणारे नव्हते. त्यांच्या ‘संख्या’ या नियतकालिकातून उत्तर आलं. फार लहान तुकडा फुगतो हे त्यांच्या लोकांनाही दिसलं होतं, पण त्यांचं म्हणणं, तुकडा चार-पाच फूट त्रिज्येपर्यंत नेला आणि माणसं नीट शिकवली की ती फूग राहत नाही. शिवाय तुमचे तलाठी शंभर कामांतून वेळ काढून कापणार, त्यांच्या चुकांचं काय? आणि याच्यावर महालनोबीसांकडे खरोखर सुंदर तोड होती. एकाच भागात दोन स्वतंत्र टोळ्या पाठवा, दोघींना वेगळ्या चिठ्ठ्या. दोघींचे आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर चूक चिठ्ठीची नाही, माणसांची आहे, हे तिथल्या तिथे कळतं. कोड लिहिणाऱ्यांनी हे वाचून कान पकडावेत. मात्र दोन्ही टोळ्या सारख्याच मोहानं तीन इंच जास्त कापत असतील, तर ही युक्तीही आंधळी.

कोण बरोबर? मला विचाराल तर मापाच्या आकाराबाबत सुखात्मे, आणि माणसांवर पाळत ठेवण्याबाबत महालनोबीस. पण वाद असा मिटला नाही. राज्या-राज्यांत अधिकृत पीक अंदाजासाठी सुखात्मे-पानसे यांची पद्धत गेली. महालनोबीसांनी १९५० मध्ये नॅशनल सॅम्पल सर्व्हे सुरू केला. त्या दशकात दोन्हींचे धान्याचे आकडे जुळत नव्हते, आणि देशात अन्न किती आहे याची दोन उत्तरं होती. सुखात्मे १९५१ मध्ये रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. जगात उपाशी किती याचं मोजमाप ते पुढची दोन दशकं करत राहिले. नंतर पुण्यात परतून वि. म. दांडेकरांशी त्यांचा उष्मांकांवरून जो वाद झाला तो याच सरासरीच्या आणि फरकाच्या भोवती होता. त्यावर वेगळा लेख होईल.

*

आज मामाच्या मंडळात काय चालतं? २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगांची किमान संख्या लिहिलेली आहे. महसूल मंडळ हा घटक असेल तर १०, मुख्य पिकासाठी ग्रामपंचायत असेल तर ४. आलेल्या सरासरीची तुलना उंबरठा उत्पादनाशी होते. ते निघतं मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून. सरासरी उंबरठ्याच्या जितकी खाली तितक्या टक्के भरपाई.

वरचेच आकडे घेऊ. उंबरठा १३ आणि विमा रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये समजा. सरासरी १२ आली तर भरपाई साधारण ३,८५० रुपये. पण पट्टा ९.९ ते १४.१ होता. चिठ्ठ्या वेगळ्या निघून सरासरी ९.९ आली असती तर ११,९०० रुपये. १४.१ आली असती तर शून्य. पाऊस तोच, पीक तेच. कागदावर मात्र १२ एवढंच येतं, अधिक-उणे कुठेच नाही. खेड्याच्या चार आण्यांसारखंच.

कडेच्या तीन इंचांचं काय? सात वर्षं सारखंच जास्त कापलं जात असेल तर उंबरठाही तेवढाच फुगलेला असतो आणि बरंचसं एकमेकांत वजा होतं. पण यंदा कापताना शेतकरी शेजारी उभा आहे आणि त्याला आकडा कमी हवाय, कंपनीचा माणूस समोर आहे आणि त्याला जास्त हवाय. दोघांचे डोळे दोरीवर.

यंदा मी रजा काढून गेलो होतो. प्रयोग मामाच्या रानात नव्हता, शेजारच्या शिवारात होता, पण मामा मला घेऊन गेला. नैर्ऋत्य कोपऱ्यातून सुरुवात, कागदावर आलेल्या रँडम आकड्यांएवढी पावलं लांबीच्या बाजूनं, मग रुंदीच्या बाजूनं. तिथे खुंटी. १० मीटर, ५ मीटर, आणि कोपरा काटकोनात आहे का हे बघायला कर्ण ११.१८ मीटर. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर आणि साडेसोळा फूट म्हणजे ५.०३. सुखात्मे-पानशांचा तुकडा मेट्रिक होऊन चिखलात समोर पडला होता आणि ते माझ्याशिवाय तिथे कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. मी मामाला सांगितलं. त्यानं मान हलवली, त्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

दोरीवर एक झाड आलं होतं. शेंगा सगळ्या आतल्या बाजूला झुकलेल्या. कापणाऱ्यानं विळा थांबवला आणि वर बघितलं.

“मूळ कुठं हाय बघ,” मामा म्हणाला. “मूळ भायेर असंल तर झाड भायेर.”

नियमही तोच आहे. मूळ दोरीच्या बाहेर होतं, झाड राहिलं.

झोडणी, उफणणी झाली, वजनकाटा लावला. ६ किलो २०० ग्रॅम. ५० चौरस मीटरच्या तुकड्यात किलोची दुप्पट म्हणजे हेक्टरी क्विंटल, हबॅकच्या तोळ्यांसारखंच तराजूवरचं उत्तर. १२.४.

“आता आणिक नऊ,” मामा म्हणाला आणि बांधावरून चालायला लागला.